कर्णनादाचे रुग्ण : केंद्राकेंद्रांची तुलना कशी करावी?

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, घंटा वा रातकिड्यांसारखा आवाज येणे, यास कर्णनाद अथवा टिनिटस म्हणतात. आमचे एक सहकारी या त्रासाने रात्र रात्र जागत. "अमुक केंद्रात जास्त रुग्ण बरे होतात" असे कोणी सांगितले की ते तिकडे जात. त्यापायी त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचलही घेतली. त्यांच्यामुळेच आम्ही या प्रश्नाकडे वळलो.

हा आवाज सहसा रुग्णाखेरीज कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून त्रासाचे मोजमाप प्रश्नावलीने करतात. न्यूमन, जेकबसन व स्पिट्झर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत २५ प्रश्न आहेत. 'होय'ला ४, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला ०. एकूण गुण १००. गुण जितके जास्त तितका त्रास अधिक.

आता समजा, एका केंद्रातील सरासरी ६० वरून ४५ वर आली आणि दुसऱ्यातील ३० वरून २४ वर. केवळ अखेरचे आकडे पाहिले तर दुसरे केंद्र सरस वाटेल. वास्तविक पहिल्याकडे अधिक त्रासलेले रुग्ण आले होते व त्यांना उतारही अधिक पडला. पण एवढ्यावरून पहिलेही श्रेष्ठ ठरत नाही. त्रास शिगेला पोचल्यावरच माणूस दवाखाना गाठतो. त्यातील काही उतार आपसूकच पडतो. शाखेच्या ठेवी पाहताना गाव कोणते हे आम्ही आधी विचारतो. तसेच येथे रुग्णांचे वय, बहिरेपणा, आजाराचा काळ, झोप व नैराश्य पाहिले पाहिजे.

यासाठी २००६ साली जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे तज्ज्ञांनी समान तपासणीविषयी एकमत केले. पुढे युरोपातील 'युनिटी' प्रकल्पात अथेन्स, बर्लिन, ग्रॅनडा, ल्युव्हेन व रेगेन्सबुर्ग या ५ केंद्रांत ४६१ रुग्णांवर ठरलेल्या एकाच पद्धतीने १२ आठवडे उपचार झाले. श्रवणयंत्र, समुपदेशन, ध्वनी-उपचार व विचार-वर्तन उपचार यांपैकी कोणास काय द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. एकच उपचार घेणाऱ्यांचा त्रास घटला. दोन एकत्र घेणाऱ्यांचा सरासरीने थोडा अधिक.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, केंद्राची कीर्ती ऐकून पैसा खर्चू नका. तेथे कसे रुग्ण येतात, मोजमाप कशाने होते, हे विचारा. आधी श्रवणचाचणी करून घ्या. एकाच कानात आवाज असेल, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नका.

आमचे सहकारी आता श्रवणयंत्र वापरतात. आवाज गेलेला नाही, पण रात्री झोप लागते.