*माझं, तुझं आणि आपलं*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या अभ्यासवर्गात मुलांनी विचारलं, "सगळ्यांना सारखं वाटून दिलं तर काय बिघडलं?" लगेच एका काकांनी म्हटलं, "मग काम कोण करेल?" साम्यवाद की भांडवलशाही, या वादाचं मूळ या दोन प्रश्नांत आहे. म्हणून या वेळी आपण त्याचाच अभ्यास करू.

*1) 'माझं' म्हटलं की हात चालतो*
चीनमधल्या श्याओगांग गावात 1978 मध्ये 18 शेतकऱ्यांनी सामुदायिक जमीन गुपचूप घराघरांत वाटून घेतली. पुढच्याच वर्षी पीक कितीतरी वाढलं. माणसं तीच, जमीनही तीच!

*2) पण नुसतं 'माझं' पुरत नाही*
गिरणी बंद पडली की मालकाचा तोटा वहीत लिहिला जातो, चूल मात्र कामगाराची विझते. बिरलानगरची जे.सी. मिल बंद झाली तेव्हा ग्वाल्हेरनं हे पाहिलंच आहे.

*3) घरात काय चालतं?*
ताकदीप्रमाणे द्यावं, गरजेप्रमाणे घ्यावं, असं मार्क्सनं 1875 मध्ये लिहिलं. आपल्या स्वयंपाकघरात तर हे रोजच चालतं! आजी कमावत नाहीत, पण त्यांच्या औषधाचा हिशेब कुणी मांडत नाही. मात्र तेच भाऊ वेगळे झाले की वाड्याच्या एका भिंतीसाठी कोर्टात जातात. म्हणजे स्वभाव वाईट नसतो, 'आपलं' म्हणण्याचं वर्तुळ लहान होतं.

*4) विनोबांची वाट*
तेलंगणात जमिनीसाठी रक्त सांडत होतं. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी विनोबांकडे 80 एकर मागितली. सभेतून रामचंद्र रेड्डी उठले आणि 100 एकर दिली. ना कायदा, ना बंदूक. पुढे मे 1960 मध्ये आपल्या शेजारच्या भिंड-मुरैनात 20 बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली.

तरी खरं तेही सांगायला हवं. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन नापीक किंवा वादातली निघाली, बरीचशी वाटलीच गेली नाही. भावनेच्या भरात देणं सोपं, दिलेलं शेवटपर्यंत पोचवणं कठीण. तिथे कागद, कायदा, देखरेख सगळं लागतं.

*सार*
माणसात लोभही आहे आणि प्रेमही. लोभ नाहीच असं धरून चाललं तर व्यवस्था मोडते. प्रेम नाहीच असं धरलं तर माणूस मोडतो. म्हणून कष्टाचा मोबदला ज्याचा त्याला मिळावा आणि त्यातला वाटा आपण होऊन बाहेर जावा. व्यवस्था सरकार बदलेल तेव्हा बदलेल. वर्तुळ वाढवणं मात्र आपल्या हातात आहे. साधना यासाठीच करायची.

*घरी सगळ्यांनी बसून बोलावं:*
🔸 आपल्या घरात 'आपलं' कुठे संपतं आणि 'माझं' कुठे सुरू होतं?
🔸 कामाला येणाऱ्या ताई आजारी पडल्या तर आपण पगार कापतो का?
🔸 वडिलोपार्जित वाटणीत कोणाचं मन दुखावलं आहे का? या आठवड्यात त्यांना एक फोन करता येईल?

उत्तरं ग्रुपवर टाकली नाहीत तरी चालेल, घरात मात्र जरूर बोला.

🙏 जय गुरुदेव 🙏