जूनमधलं कॉलेज

इंजिनिअरिंगसाठी कॉलेज बघायला आपल्याकडचे बहुतेक पालक निघतात ते सीईटीचा निकाल लागल्यावर, म्हणजे जूनच्या आसपास. नेमकी तेव्हा कॉलेजात मुलं नसतात. परीक्षा आटोपलेल्या किंवा आटोपत आलेल्या असतात, प्रयोगशाळांना कुलपं असतात, वर्कशॉप बंद असतं. लगबग असते ती फक्त प्रवेश कक्षात. तिथे गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडतं, चहा येतो, थंडगार सभागृहात एक चित्रफीत दाखवतात. मूल जिथे चार वर्षं काढणार, ती जागा मात्र बघायची राहून जाते.

आम्ही साताऱ्याचे. मुलीला मेकॅनिकलला जायचं होतं. ती अकरावीत असतानाच, जानेवारी-फेब्रुवारीत, कॉलेजं भरात चालू असताना आम्ही हिंडायला सुरुवात केली. सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी, मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय. ही जुनी, नावाजलेली कॉलेजं आधी पाहिली ते एका हेतूने. सीओईपी १८५४पासूनचं, व्हीजेटीआय १८८७चं. चालतं वर्कशॉप कसं दिसतं, हे एकदा तिच्या डोळ्यांत बसलं की पुढे तुलना करणं तिला सोपं जाणार होतं. तसंच झालं. नंतर खासगी कॉलेजांत गेलो, तेव्हा लेथवर तेलाचा ओशटपणा आहे की धूळ, हे ती दारातूनच ओळखायला लागली.

या हिंडण्यातून एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगतो. आत गेल्यावर तुम्ही बाजूला व्हा. कँटीनमध्ये भेटलेल्या मुलांना मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, ‘चांगलं आहे काका, काही प्रॉब्लेम नाही.’ मी चहा घेऊन लांबच्या बाकावर बसलो की तीच मुलं तिच्याशी मोकळेपणाने बोलायची. एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी तिला सांगितलं की नवं सीएनसी मशीन तपासणीची समिती येते तेव्हाच चालू होतं. एरवी ते कसं चालतं, हे फळ्यावर शिकवतात. आणखी एका ठिकाणी कळलं की वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृहच नाही, मैदान ओलांडून मुख्य इमारतीत जावं लागतं. तीन-तीन तासांचं प्रॅक्टिकल करणाऱ्या मुलीसाठी ही किरकोळ गोष्ट नाही. अशी माहिती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते आणि बापाला तर कोणीच सांगत नाही.

वसतिगृहाचंही तसंच. पहिल्या वर्षाला खोली मिळेल, हे कार्यालय छातीठोकपणे सांगतं. दुसऱ्या वर्षाला काय, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावं. अनेक ठिकाणी त्या बाहेर भाड्याने राहत असतात आणि तो खर्च आपल्या हिशेबात नसतो.

निकालानंतर काही कॉलेजं पुन्हा पाहिली. पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात जे पाहिलं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. काउंटरवरचा तरुण सांगत होता, मॅनेजमेंट कोट्यातल्या मोजक्याच जागा उरल्यात, संध्याकाळपर्यंत संपतील. आज टोकन भरा आणि मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला जमा करा. आमच्या शेजारी मराठवाड्यातून आलेले एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन बसले होते. रात्रभर प्रवास करून आलेले, पुन्हा यायला परवडणार नव्हतं. त्यांनी पैसे भरले, कागद दिले. पुढे कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत त्यांच्या मुलाला सरकारी कॉलेज मिळालं, आणि प्रवेश पक्का करायची मुदत संपत आलेली असताना मूळ कागद परत मिळवण्यासाठी त्यांना खेटे घालावे लागले. फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

म्हणून हे नीट ध्यानात घ्या. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. मूळ प्रमाणपत्रं पाहून, पडताळून परत द्यायची असतात. ती अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये अधिसूचना काढून स्पष्ट केलंय. खासगी विनाअनुदानित कॉलेजात संस्थेच्या पातळीवर भरायच्या जागा असतात, पण त्याही जाहिरात देऊन, गुणवत्तेनुसार भरायच्या असतात. आणि कॉलेजची फी किती, हे काउंटरवरचा माणूस ठरवत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा त्यांच्या संकेतस्थळावर सापडतो. तो लिहून घेऊनच घरातून निघावं.

मुलींच्या पालकांनी तर जास्तच सावध राहावं. २०२४पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. घाईने मॅनेजमेंटची जागा घेतली की हा हक्क गेला.

प्लेसमेंटचे फलक मला कधीच पटले नाहीत. सर्वात मोठ्या पगाराचा आकडा एका मुलाचा असतो. एकाच मुलाला तीन कंपन्यांनी घेतलं तर त्या तीन नोकऱ्या म्हणून मोजल्या जाऊ शकतात. विचारायचं ते असं : तुमच्या मेकॅनिकलच्या गेल्या बॅचमध्ये मुलं किती, त्यांतल्या कितींना नोकरी लागली आणि मधला पगार किती? हे आकडे शाखेनुसार द्यायला जे कॉलेज टाळाटाळ करतं, तिथे मी दुसरा प्रश्न विचारत नसे. मानांकनाचंही असंच आहे. नॅकची श्रेणी संस्थेला मिळते, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. आपल्याला हव्या त्या शाखेला ती आहे का आणि कधीपर्यंत आहे, हे बघावं लागतं.

शिक्षकांचा प्रश्न सध्या सर्वांत महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. २०२४-२५पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, आणि काही कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्यांमागून तुकड्या वाढवल्या. जागा वाढवता येतात, चांगले शिक्षक तितक्या वेगाने मिळत नाहीत. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असा निकष आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’मध्ये शिक्षकांची यादी द्यावी लागते. ती छापून न्या आणि विभागातल्या वेळापत्रकावरच्या नावांशी ताडून पाहा. आमच्या मुलीने एका ठिकाणी हे केलं, तेव्हा यादीतली कितीतरी नावं वेळापत्रकात कुठेच नव्हती.

या सगळ्यानंतर पसंतीक्रम भरायची वेळ येते. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात; त्यांत ‘एल’ अक्षराने सुरू होणारे रकाने मुलींसाठीच्या जागांचे, ते मुलीच्या पालकांनी वेगळे पाहावेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत सुधारणेची संधी राहत नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने आणि पालकाने दोघांनीही वाचावी. आमच्याकडे यादीचा क्रम मुलीने लावला. जिथली प्रयोगशाळा तिने चालू पाहिली नव्हती, असं कॉलेज तिने पहिल्या पाचांत येऊ दिलं नाही, मग नातेवाइकांच्या तोंडी त्याचं नाव कितीही असो.