पाय सुजलेत? आधी पाऊल मोजा, मग चप्पल घ्या



द्रोणागिरीत आमच्या शेजारच्या इमारतीत एक मावशी राहतात. वर्षावासातलं ग्रंथवाचन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी मात्र पंधरा दिवस त्या विहारात दिसल्या नाहीत, म्हणून मी घरी गेले. मावशी पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, पायात चप्पलच जात नाही. खाली मांडी घालून बसवत नाही. चारचौघांत काय येऊ?"

मावशी कंटेनर यार्डात साफसफाईचं काम करतात. दिवसभर उभं राहणं, ओल्या लादीवर चालणं. दोन्ही पावलांचे चवडे सुजलेले, अंगठे शेजारच्या बोटांवर कललेले. स्वतःची चप्पल होत नाही म्हणून मुलाची जुनी स्लीपर घालून कामाला जात होत्या. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळून धरायची, त्यामुळे दुखणं आणखी वाढायचं. एकदा घसरून पडल्याही होत्या. घरचे म्हणत, "वय झालं, असं व्हायचंच." मावशींचं वय ५४.

आजचा पाठ अशा सगळ्या मावश्यांसाठी आणि काकांसाठी आहे.

आधी सूज कशाची ते कळू द्या

चप्पल हे औषध नाही. सुजेचं कारण शोधणं पहिलं.

सकाळी उठल्यावर पाय अर्धा-पाऊण तास किंवा जास्त आखडलेले राहतात, दोन्ही पावलांचे आणि हातांचे लहान सांधे सुजतात, चालताना चवड्याखाली खडे तुडवल्यासारखं वाटतं, तर आमवाताची शंका घ्यावी. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो आणि तरुण वयातही होतो. वेळेवर औषध सुरू केलं तर सांधे वाकडे होण्यापासून बरेच वाचतात. म्हणून "वय झालं" म्हणून बसू नका. रात्रीतून एकाच पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो बहुधा युरिक अॅसिडचा त्रास असतो.

प्रत्येक सूज संधिवाताची नसते. नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून पाहा. खड्डा पडून तसाच राहिला तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासून घ्यावं लागतं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

औषधाबद्दल एक इशारा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. मेडिकलमधून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

पाऊल कसं मोजायचं?

आपण चप्पल घेताना नंबर सांगतो तो दहा वर्षांपूर्वीचा. सुजलेल्या पावलाची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बदललेल्या असतात.

१. संध्याकाळी मोजा. दिवसभराने सूज सर्वात जास्त असते.

२. कागदावर उभं राहा. बसून मोजलं तर पाऊल लहान येतं.

३. दुसऱ्या कोणाला पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांची रेघ काढायला सांगा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा.

४. कागद रेघेवर कापा आणि दुकानात घेऊन जा. बुटात किंवा सँडलमध्ये तो कागद घालून पाहा. कडा दुमडल्या तर ती जोडी तुमची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

दुकानात काय पाहायचं?

सर्वात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाच्या रुंदीएवढी जागा हवी. पुढचा भाग रुंद आणि खोल हवा, बोटं वर घासता कामा नयेत. बायकांच्या जोडीत एवढी रुंदी मिळत नसेल तर पुरुषांचे सँडल घ्या. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

मागे टाचेला पट्टा हवा. अंगठ्याची चप्पल किंवा मागून उघडी स्लीपर नको, कारण ती धरून ठेवायला बोटांना सतत आवळावं लागतं. वरचे पट्टे वेल्क्रोचे असले की सकाळी सैल आणि संध्याकाळी आणखी सैल करता येतात. बोटं दुखणाऱ्याला बकल लावणं जमत नाही, वेल्क्रो जमतो. टाच एका इंचापेक्षा उंच नको, रुंद हवी. तळाला खाचा हव्यात. आपल्याकडच्या पावसात गुळगुळीत तळ म्हणजे पडण्याला आमंत्रण.

आता माझीच चूक सांगते. माझ्या आईचे पाय सुजायचे तेव्हा मी नर्स असूनही तिला बाजारातली सर्वात मऊ, स्पंजसारखी चप्पल आणून दिली. आठ दिवसांत तिचा घोटा मुरगळला. फार मऊ तळ पावलाला आधार देत नाही. जोडी हातात घेऊन वाकवून पाहा. ती बोटांच्या जागी थोडी वाकावी, मधोमध घडी पडता कामा नये आणि कपडा पिळावा तशी पिळली जाऊ नये.

नवी जोडी पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घाला. काढल्यावर पाऊल नीट पाहा. कुठे लाल डाग राहिला असेल तर ती जागा पुढे जखम होणार. मधुमेह असलेल्यांनी हे रोज पाहावं, कारण बधिर पायाला टोचलेलं कळत नाही.

एमसीआर चप्पल आणि मनातली भीती

मावशींना मी एमसीआर रबराच्या चपलेचं नाव सांगितलं, तर त्या दचकल्या. "ती तर महारोग्यांची चप्पल. लोक काय म्हणतील?"

हे रबर बारीक हवेच्या कप्प्यांचं असतं. मऊ असतं, पण पायाखाली पार चेपून जात नाही, वजन सगळ्या तळव्यावर पसरवतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून जे काम केलं, त्यातून अशा चपला देशभर पोचल्या. आज त्या मधुमेह आणि सांधेदुखीच्या रुग्णांनाही दिल्या जातात. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. माणसाला आजारावरून किंवा पायातल्या वस्तूवरून कमी लेखणं आपण सोडलंय ना? मग एका चपलेला कशाला घाबरायचं?

पावलाचा आकार फार बदलला असेल तर तयार जोडी पुरत नाही. अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि आधार-साधनांचा विभाग आहे. २०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल आल्याने आपल्या भागातून मुंबईला जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

जवळचा आणि स्वस्त उपाय म्हणजे नाक्यावरचे चर्मकार दादा. आखूड पट्ट्याला वेल्क्रोचा तुकडा जोडणं, टाचेला पट्टा लावणं, टोचणारी शिवण काढणं, आत एमसीआरचा थर बसवणं ही कामं ते करू शकतात. कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा. त्यांच्या हातात पिढ्यांचं ज्ञान आहे, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

सेफ्टी शूज घालावे लागणाऱ्यांनी रुंद माप मागून घ्यावं. गरज पडल्यास डॉक्टरांचं पत्र जोडून मुकादमाकडे लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती विसरली जाते.

विहारात चप्पल?

मावशींचा खरा अडसर हा होता. विहारात अनवाणी थंड लादीवर चालवत नाही आणि चप्पल घालायला मन धजत नाही.

याचं उत्तर विनयपिटकात आहे. महावग्गातल्या चम्मक्खंधकात सोण कोळिवीस या भिक्खूंची हकीकत येते. चंक्रमण करून त्यांच्या नाजूक पावलांतून रक्त आलं. भगवंतांनी त्यांना एका तळाची पादत्राणं वापरायची परवानगी दिली. एकट्यासाठी सवलत नको, असं सोण म्हणाले, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. पुढे विहाराच्या आवारात पादत्राणं घालायला मनाई झाली, तेव्हाही ज्यांचे पाय दुखतात, फुटलेत किंवा ज्यांना कुरूप झालंय, त्यांना ती घालण्याची मोकळीक भगवंतांनी दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी जे रुग्णासाठी मान्य झालं, त्याला आज आपण का अडवायचं?

आम्ही विहारात बोललो. आता मागच्या भिंतीला चार खुर्च्या असतात आणि ज्यांना गरज आहे ते फक्त आत वापरायची स्वच्छ जोडी पिशवीतून आणतात. मावशींना सरकारी रुग्णालयात आमवाताचं निदान झालं, औषध सुरू आहे. पुरुषांचे रुंद सँडल आणि आत एमसीआरचा थर, एवढ्यावर त्या कामालाही जातात. सूज पूर्ण गेलेली नाही, पण त्यानंतर त्या पडलेल्या नाहीत. यंदा वाचनाला पहिल्या दिवशी हजर होत्या.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातल्या सर्वात वयस्क व्यक्तीला संध्याकाळी कागदावर उभं करा, पावलांची रेघ काढा आणि तो कागद त्यांच्या रोजच्या चपलेवर ठेवा. पाऊल चपलेबाहेर आलं, तर पुढची खरेदी कोणासाठी करायची ते तुम्हाला कळेल.

जय भीम.