वारा, पाणी आणि मॉरिशस

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही राहतात. १९६० सालच्या फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ हे चक्रीवादळ या बेटावरून गेले. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत पोहोचले. मध्येच वारा पडला. परंतु ती शांतता वादळाच्या डोळ्याची होती. डोळा पुढे सरकताच वारा उलट दिशेने सुटला. लाकडापत्र्याची हजारो घरे कोसळली. ४० हून अधिक माणसे दगावली.

त्यानंतर तेथे काँक्रीटची घरे वाढली आणि धोक्याचे इशारे क्रमांकाने देण्याची पद्धत रुळली. म्हणूनच १९७५ चे ‘जर्व्हेझ’ वादळ ताशी २८० किलोमीटर वेगाचे असूनही प्राणहानी पुष्कळच कमी झाली.

परंतु ३० मार्च २०१३ रोजी, चक्रीवादळ नसतानाही, मुसळधार पावसाने राजधानी पोर्ट लुईमध्ये एकाएकी पूर आला. ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील काही भुयारी मार्गात बुडाले. वारा अडविणारे काँक्रीट पाणी मुरू देत नाही. तेव्हा भक्कम घर, वेळेवर इशारा आणि मोकळे नाले, या तिहींपैकी एकाचीही उपेक्षा करून चालत नाही, हाच यातील बोध होय.