जिप्सम बोर्डाच्या भिंतीचे भोक: छोटे काम, पण जोखमीचे

शहरांतील घरे, दवाखाने आणि दुकाने यांतून विटांच्या आडभिंतींऐवजी जिप्सम बोर्डाच्या भिंती उभ्या राहू लागल्याला आता बरीच वर्षे झाली. आखाती देशांत सीलिंग व फर्निचरची कामे करून आलेल्या आपल्या कारागिरांना हा बोर्ड नवा नाही. परंतु नवी भिंत उभारणारे पुष्कळ आणि तिचे भोक नीट बुजवणारे थोडे, अशी स्थिती आहे. चार इंची भोकासाठी मोठा ठेकेदार येत नाही. हे काम रंगारी आणि सुतार यांच्या वाट्याचे आहे, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

बोर्डाच्या पोटात जिप्समचा ठिसूळ थर आणि दोन्ही अंगांना जाड कागद असतो. जाडी साधारण १२.५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. बोर्डाची बरीचशी ताकद त्या कागदात आहे. मागे पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा, आणि दोन चॅनेलच्या मध्ये पोकळी. विटेच्या भिंतीतला खड्डा भरताना माल मागच्या विटेला धरतो. येथे मागे धरायला काही नाही. हे ध्यानात न घेता काहीजण भोकात रद्दी कोंबतात आणि वरून पीओपी फिरवून मोकळे होतात. दार आपटले की अशी भिंत किंचित हलते, आणि थोड्याच दिवसांत भोकाच्या कडेने गोल रेघ उमटते. मग गिऱ्हाईक पुन्हा बोलावते आणि पैसे मात्र देत नाही. सिमेंटचा माल तर मुळीच वापरू नये. तो जड असतो आणि त्याच्या पाण्याने कागद सुटतो.

खिळ्या-स्क्रूच्या भोकाला एवढा व्याप नको. उचकटलेला कागद कापून काढावा, लांबी भरावी, घासावे, झाले.

नेहमी येणारे काम म्हणजे दाराच्या हँडलने पडलेले तीन-चार इंचांचे भोक. प्रथम मेन स्विच बंद करावा, कारण पोकळीतून वायरी गेलेल्या असतात. हाताने चाचपून मगच गुनियाने भोकाभोवती चौकोन आखावा आणि बारीक हातकरवतीने कापावा. मशीनचे कटर लावू नये. धूळ घरभर होते आणि पाते किती आत गेले ते समजत नाही. चौकोनापेक्षा चार इंच लांब अशा लाकडाच्या दोन पट्ट्या तिरप्या करून आत सरकवाव्यात आणि बोर्डातून २५ मिलिमीटरचे काळे स्क्रू मारून दोन बाजूंना पक्क्या कराव्यात. आता त्याच जाडीच्या बोर्डाचा तुकडा चौकोनात बसवून या पट्ट्यांवर कसावा. स्क्रूचे डोके कागदाच्या जरासे खाली जावे, पण कागद फाटता कामा नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली.

प्लायचा तुकडा ठोकून वेळ मारून नेऊ नये. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके पाणी बांधलेले असते. आगीत ते वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ भिंत तग धरते. प्लाय तर स्वतःच पेटतो. ओलाव्याच्या जागी बहुधा हिरव्या कागदाचा बोर्ड असतो, आग थोपवायची तेथे गुलाबी. तुकडाही त्याच जातीचा हवा.

खरे काम सांध्यात आहे. चारही सांध्यांवर टेप बसवलीच पाहिजे. टेपशिवाय भरलेला सांधा फुटतो. जॉइंटिंग कंपाऊंडचा पहिला हात टेपपुरता, दुसरा सहा-आठ इंच रुंद, तिसरा फूटभर, आणि प्रत्येक हात पातळ. रुंदी वाढवल्याने उंचवटा डोळ्यांना जाणवत नाही. तयार कंपाऊंडचा एक हात वाळायला साधारण एक दिवस लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल्यावर दुसरा हात दिला की तडा ठरलेला. शेवटी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावे, तोंडाला मास्क बांधून. त्यावर प्रायमर न मारता रंग दिला तर भरलेली जागा रंग जास्त शोषते आणि डाग वेगळा दिसतो.

आता हिशेबाचे. माल थोडाच लागतो, पण फेऱ्या तीन-चार होतात. चौरस फुटाचा दर लावाल तर गाडीभाडेही सुटणार नाही. दर कामावर, फेऱ्या धरून, आधीच सांगावा. जुन्या भिंतीवरचा रंग उतरलेला असतो, त्यामुळे ठिगळापुरता नवा रंग जुळणार नाही, हेही आधीच बोलून ठेवावे. गिऱ्हाईक पूर्ण भिंत रंगवायला तयार झाले तर तेवढे काम वाढते. मोठ्या कामावर उरलेले बोर्डाचे तुकडे मालकाला विचारून जपून ठेवावेत. एका फूटभर तुकड्यात अशी दोन-चार भोके निघतात.

भोकाजवळ बोर्ड फुगलेला, मऊ किंवा पिवळा पडलेला दिसला तर हात लावू नये. आधी प्लंबरला बोलावून गळती शोधायला सांगावे आणि बोर्ड पुरता वाळल्यावर, सडका भाग चॅनेलपर्यंत कापून नवा बसवावा. आणि हँडलचे भोक बुजवल्यावर दाराला स्टॉपर लावून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, त्याचे पैसे वेगळे घ्यायला हरकत नाही.