वाचकांचे प्रश्न : टायमर लावला की दुकानाचे वीजबिल उतरते का?

पेण आणि रोहा परिसरातल्या छोट्या व्यावसायिकांच्या विजेविषयीच्या प्रश्नांना आज एकत्र उत्तर देत आहोत. प्रत्येकाची गरज वेगळी असली तरी सगळ्यांनी आधी एकच गोष्ट करावी : मागच्या महिन्याचे बिल हाती घ्यावे आणि त्यावरचे 'दर संकेत', 'मंजूर भार' आणि 'स्थिर आकार' हे तीन रकाने वाचावेत. ते वाचल्याशिवाय टायमर विकत घेऊ नये.

प्रश्न : पेणमध्ये माझे नाश्ता आणि शीतपेयांचे छोटे दुकान आहे. बाटल्यांचा काचेच्या दाराचा कूलर, डीप फ्रीझर आणि बाहेर एलईडीचा मोठा बोर्ड एवढी मुख्य उपकरणे आहेत. बिल दर महिन्याला वाढते. ओळखीचे एक जण म्हणतात, सगळ्याला टायमर लावा, बिल निम्मे होईल. हे खरे आहे का? — एक दुकानदार, पेण

उत्तर : बिल निम्मे होणार नाही. गरज नसताना जी वीज जळते तेवढीच टायमर वाचवतो. म्हणून आधी तुमच्या दुकानात अशी वीज कुठे जळते ते शोधा.

सुरुवात बोर्डापासून करा. समजा बोर्ड 160 वॉटचा आहे, दुकान रात्री दहाला बंद होते आणि बोर्ड मात्र सकाळी सहापर्यंत जळतो. हे आठ तास वाया जातात. 160 वॉट गुणिले 8 तास म्हणजे दिवसाला 1.28 युनिट, महिन्याला सुमारे 38 युनिट.

आता यातून पैसे किती वाचतात ते पाहू. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. एकूण बिलाला युनिटने भागून जो दर येतो तो इथे धरू नका. त्यात स्थिर आकारही मिसळलेला असतो आणि युनिट कमी झाले म्हणून तो कमी होत नाही. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार एवढेच घ्या आणि त्यावर वीज शुल्क लावा. महाराष्ट्रात व्यावसायिक ग्राहकाला वीज शुल्क 21 टक्के आहे. समजा पहिले तिन्ही आकार मिळून युनिटला 10 रुपये होतात, तर शुल्कासह 12 रुपये 10 पैसे. या दराने 38 युनिटचे जवळपास 460 रुपये होतात. बोर्डाला लावलेला चांगला टायमर दोन-तीन महिन्यांत आपली किंमत वसूल करतो. उदाहरणातला 10 रुपयांचा आकडा काढून तुमच्या बिलातला घाला आणि हिशेब पुन्हा करा.

बाटल्यांच्या कूलरची गोष्ट वेगळी आहे. त्यात फक्त बंद बाटल्यांतली शीतपेये आणि पाणी असेल तर रात्री तो बंद ठेवता येतो. मात्र सकाळी कोमट झालेल्या बाटल्या पुन्हा थंड करायला तो जास्त वेळ चालतो, त्यामुळे रात्रीची सगळी वीज वाचली असे धरू नका. प्लगमध्ये लावायचा छोटा युनिट-मीटर मिळतो. तो लावून एक आठवडा टायमरशिवाय आणि एक आठवडा टायमरसह युनिट मोजा, म्हणजे खरा फरक कळेल. कूलर शीतपेयांच्या कंपनीने दिलेला असेल तर करारातल्या अटीही वाचून घ्या.

दूध, ताक, पनीर, चटणी असे काही त्यात ठेवत असाल तर टायमर लावूच नका. थंड ठेवायचे पदार्थ 5 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहायला हवेत. डीप फ्रीझरला तर अजिबात नको. आइस्क्रीम किंवा गोठवलेला माल उणे 18 अंशांवर ठेवायचा असतो. तिथे रबरी गॅस्केट घट्ट बसते का, आत बर्फाचा थर साचला आहे का आणि मागच्या जाळीवर धूळ आहे का, हे पाहा. फ्रीझरची बचत तिथूनच होते.

टायमर निवडताना आपल्या भागातली एक अडचण ध्यानात घ्या. स्वस्त टायमरवर चोवीस तासांची गोल तबकडी असते आणि तिच्या कडेला 96 खिट्ट्या असतात, प्रत्येक खिट्टी पंधरा मिनिटांची. तबकडी विजेवरच फिरते. पावसाळ्यात तीन तास वीज गेली की तबकडी तीन तास मागे पडते आणि बोर्ड रात्री दहाऐवजी एकला बंद होतो. दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विचच पाडत असाल तर तबकडी रोज रात्रभर थांबून राहते. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. बोर्डासाठी अंधार पडताच तो लावणारा फोटोसेलही जोडता येतो. इथे नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. संध्याकाळी बोर्ड फोटोसेलने लागावा आणि रात्री टायमरने बंद व्हावा, ही जोडी वर्षभर हात न लावता चालते.

टायमर मीटरच्या पुढे, तुमच्या स्वतःच्या वायरिंगवर बसतो, म्हणून त्याला महावितरणची परवानगी लागत नाही. मीटर, त्याचे सील आणि मीटरपर्यंतची वायर यांना मात्र हात लावू नका.

प्लगमध्ये खोचला की 'बिल चाळीस टक्के कमी' असे सांगून विकला जाणारा डबा टायमरच्या नावाखाली घेऊ नका. त्यात बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. छोट्या दुकानाचे बिल युनिटवर होते आणि युनिट त्याने कमी होत नाहीत.

प्रश्न : हमरापूर भागात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. रंगकामाला दोन अश्वशक्तीचा काँप्रेसर आहे. सीझनमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चालते आणि कारागीर काँप्रेसर चालूच ठेवून घरी जातात. प्लगचा टायमर लावला तर चालेल का? — एक मूर्तिकार, ता. पेण

उत्तर : टायमर लावा, पण प्लगमध्ये खोचायचा नको. त्यावर 16 अँपिअर छापलेले असते ते हीटरसारख्या लोडसाठी. तुमची मोटर चालताना दहा अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट खेचते. चार-सहा महिन्यांत टायमरच्या आतले संपर्क वितळून चिकटतात. मग टायमर 'बंद' दाखवतो आणि मोटर चालूच राहते. रंग, थिनर आणि सुके गवत असलेल्या जागेत हा धोका पत्करू नका.

परवानाधारक वायरमनकडून पॅनेलमध्ये टायमर, काँटॅक्टर आणि ओव्हरलोड रिले बसवून घ्या. त्याला स्पष्ट सांगा की टायमरने काँटॅक्टरची होल्डिंग लाइन फक्त तोडायची आहे. म्हणजे रात्री ठरलेल्या वेळी काँप्रेसर आपोआप बंद होईल, पण सकाळी हिरवे बटण दाबल्याशिवाय सुरू होणार नाही. सकाळी कुणी पट्ट्याजवळ झाडत असताना मोटर आपोआप सुरू झाली तर बोटे जातात. म्हणून बंद टायमरने आणि चालू हाताने, हा नियम कारखान्यात पक्का ठेवा.

आता मूळ कारणाकडे येऊ. कुणी हवा वापरत नसताना काँप्रेसर रात्री पुन्हा पुन्हा का सुरू होतो? कारण नळीच्या जोडांतून, गनच्या ट्रिगरमधून किंवा जुन्या वॉल्व्हमधून हवा गळते. दाब उतरतो, प्रेशर स्विच मोटर सुरू करतो, टाकी भरते आणि पुन्हा गळते. एका संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून मोटर बंद करा आणि काट्यावरचा दाब लिहून ठेवा. अर्ध्या तासाने परत पाहा. काटा बराच खाली आला असेल तर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा. गळती दिवसाही वीज खात असते आणि दिवसाची गळती टायमर थांबवू शकत नाही.

प्रश्न : रोह्यात माझे छोटे लॉज आहे. धाटावच्या कारखान्यांत कामासाठी येणारे तंत्रज्ञ उतरतात. 25 लिटरचे, दोन किलोवॉटचे गीझर दिवसरात्र चालू असतात. टायमरने किती वाचेल? नव्या मीटरनंतर दिवसा वीज स्वस्त असते म्हणतात, त्याचा फायदा घेता येईल का? — एक लॉजचालक, रोहा

उत्तर : गीझरची वीज दोन कामांत जाते, पाणी तापवण्यात आणि तापलेले पाणी तसेच गरम राखण्यात. 25 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 0.87 युनिट लागते. पाहुणा आंघोळ करणार असेल तर हे युनिट वाचत नाही. टाकीच्या भिंतीतून उष्णता बाहेर जाते आणि ती भरून काढायला गीझर पुन्हा पुन्हा लागतो, ती वीज मात्र वाचते. जुन्या, पातळ आवरणाच्या गीझरमध्ये हा फरक जास्त असतो, पाच तारे असलेल्या गीझरमध्ये कमी. खोल्या रिकाम्या असताना गीझर चालू राहतात का, ते आधी पाहा. तसे असेल तर सर्वांत मोठी बचत तिथेच आहे.

दोन किलोवॉटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणून टायमर 16 अँपिअरचाच हवा आणि आयएसआय खुणेचा. तीन किलोवॉटचा गीझर 13 अँपिअर घेतो. तो प्लगच्या टायमरवर रोज तासन्‌तास चालवण्यापेक्षा एमसीबीच्या डब्यात बसणारा टायमर आणि काँटॅक्टर घ्या. सगळे गीझर पहाटे पाचला एकदम सुरू करू नका. चार गीझर म्हणजे आठ किलोवॉट. दोन पावणेपाचला आणि दोन सव्वापाचला लावले तर वायरिंगवर ताण येत नाही आणि मंजूर भार ओलांडण्याचा धोकाही टळतो. मंजूर भार 20 किलोवॉटपेक्षा जास्त असेल तर याकडे जास्तच लक्ष द्या, कारण तिथे स्थिर आकार मागणीवर ठरतो.

आता दिवसाच्या स्वस्त विजेबद्दल. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा आणि गर्दीच्या तासांत व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना तो किमान 1.2 पट असावा, असे ती सांगते. तुम्हाला नेमका कोणता दर लागू आहे ते तुमचे बिल सांगेल. बिलावर वेळेनुसार वेगवेगळे युनिट छापून येत असतील तरच कामाच्या वेळा बदलून फायदा होतो. सगळे युनिट एकाच आकड्यात असतील तर धुणे दुपारी करा वा रात्री, पैसे तेवढेच लागतात.

वेळेनुसार दर लागू असतील तर कोणती कामे हलवता येतात ते पाहा. पाहुण्याची सकाळची आंघोळ दुपारी नेता येत नाही. चादरी धुणे, इस्त्री आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणे ही कामे मात्र सहज दुपारी येतात. पंपाला टायमर लावताना टाकीत फ्लोट स्विच आणि कोरडा चालण्यापासून संरक्षण दोन्ही हवीत. नाहीतर नळाला पाणी नसलेल्या दिवशी पंप कोरडा फिरून जळेल आणि वर्षाची बचत दुरुस्तीत जाईल.

प्रश्न : मी पेणला घरीच पोह्याचे पापड करते. पावसाळ्यात वाळवायला छोटे विजेवरचे ड्रायर घेतले. मीटर घरगुती आहे. शेजारी म्हणतात, पकडले तर दंड होईल. टायमर लावून युनिट कमी ठेवले तर चालेल का? — एक गृहउद्योजिका, पेण

उत्तर : ताई, घाबरू नका. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात तुमच्यासारख्यांसाठी स्पष्ट तरतूद आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण 3600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. याचा आढावा आर्थिक वर्ष संपल्यावर घेतला जातो. 3600 ओलांडले असतील तर पुढे योग्य तो दर लावतात, आणि तोही आधी कळवून.

म्हणून तुमच्यासाठी टायमर खूप उपयोगाचा आहे. ड्रायर किती तास चालवायचा ते ठरवा आणि तेवढ्यावर तो बंद होऊ द्या. घरगुती दराचे टप्पेही आहेत : 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट महाग पडते. त्यामुळे ड्रायरचे वाचलेले युनिट तुमच्या सर्वांत महागड्या युनिटांतून कमी होतात. महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहीत जा आणि पंधरा तारखेला पुन्हा पाहा. दोन आकड्यांतला फरक 150 च्या पुढे गेला असेल तर ड्रायरचे तास कमी करा. ऊन पडेल त्या दिवशी गच्चीच वापरा.

तरीही अनधिकृत वापर म्हणून कुणी आकारणी केलीच, तर वीज कायदा 2003 चे कलम 126 समजून घ्या. अशी आकारणी लागू दराच्या दुप्पट असते. पण आधी तात्पुरता आकारणी आदेश द्यावा लागतो आणि तुमचे म्हणणे ऐकावे लागते. अंतिम आदेशाविरुद्ध कलम 127 खाली 30 दिवसांत अपील करता येते, त्यासाठी आकारलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून वर्षभराची बिले आणि वहीतले आकडे जपून ठेवा. वापर 300 आणि 3600 च्या आत होता हे दाखवायला तीच कागदपत्रे कामाला येतील.

वाचकांपैकी कुणाची पोहा गिरणी, भात गिरणी किंवा पिठाची गिरणी असेल तर त्यांनी आजच 'दर संकेत' पाहावा. या गिरण्या औद्योगिक दरात मोडतात. बिलावर व्यावसायिक दर असेल तर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, त्याला वकील लागत नाही. व्यावसायिक आणि औद्योगिक दरांतला फरक दर महिन्याच्या प्रत्येक युनिटवर पडतो. गिरणीला टायमर लावण्याआधी हा अर्ज करा.