लॅपटॉपवरून नाटकाची प्रकाशयोजना

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे बारा एलईडी पार आणि एक जुना लॅपटॉप आहे. कन्सोल भाड्याने न आणता काम भागेल का?

उत्तर : नक्की भागेल. क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. तुमचे पार सात चॅनलचे असतील, तर त्यांना १, ८, १५ असे पत्ते द्या. एकूण ८४ चॅनल लागतील आणि दिव्यांना सूचना पाठवणाऱ्या डीएमएक्स पद्धतीच्या एका युनिव्हर्समध्ये ५१२ असतात.

पैसा खर्च करायचा तो लॅपटॉप आणि दिवे यांना जोडणाऱ्या यूएसबी इंटरफेसवर. स्वस्तातल्या इंटरफेसमध्ये सिग्नलची वेळ लॅपटॉपलाच सांभाळावी लागते. तो दुसऱ्या कामात अडकला की ऐन प्रवेशात दिवे लुकलुकतात, आणि नटाने जमवलेला क्षण हातचा जातो. म्हणून स्वतःचा प्रोसेसर असलेलाच इंटरफेस घ्या.

केबलबाबत तर मी हट्टीच आहे. माइकची केबल दिसते तशीच, प्लगही बसतो, पण डीएमएक्सला १२० ओहमची केबल लागते. एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळी करा, मधून फाटा काढू नका. शेवटच्या दिव्यात पिन २ आणि ३ यांमध्ये १२० ओहमचा रोध असलेला टर्मिनेटर लावा.

एलईडी पारना थेट वीज द्या, डिमरमधून कधीच नाही. जुने हॅलोजन वापरायचे असतील तर त्यांना वेगळा डिमर पॅक लागेल.

प्रयोगाआधी लॅपटॉपचे अपडेट, स्लीप आणि वाय-फाय बंद करा. क्यू-लिस्टची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि रंगीत तालीम याच लॅपटॉपवर, याच केबलवर करा.